पवनचक्कीवाले इवाई

शेजारच्या घरची मुलगी हॉलंडला नोकरीला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून आली. लग्न आमच्या गावात, मोहाडीजवळ. नवरदेवाचे वडील, म्हणजे शेजाऱ्यांचे व्याही (आमच्याकडे इवाई म्हणतात), आठ दिवस आधीच आले. सत्तरीचे, उंच, उन्हाने लाल झालेले. अंगणात त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली असायची, पण ते येऊन बसायचे माझ्या पिठाच्या चक्कीवर.

पहिल्याच दिवशी त्यांनी पडणारं पीठ चिमटीत घेऊन चोळलं आणि मान हलवली.

"काकू," मुलगी म्हणाली, "हे म्हणून राहिले, दगड गुळगुळीत झाले. पीठ गरम येते."

"यायले कसं समजलं?"

"यायच्या गावात पवनचक्की आहे. बापजाद्यापासून हे तिथंच दळतात. पहिले नावा भरून धान्य यायचं, पीठ दूरदूर विकायले जायचं."

दगडांना टाकी लावायची, म्हणजे झिजलेल्या खाचा पुन्हा कोरून घ्यायच्या होत्या हे खरंच. टाकीवाला तिरोड्याकडचा, जिल्हा वेगळा झाला तरी आमचं त्याच्यावरच भागायचं. नेमका तो आजारी, आणि लग्नाच्या पुऱ्यांचे गहू दारात.

त्यांनी छिन्नी-हातोडा मागितला. वरचा दगड आम्ही दोघांनी मिळून उलटला. पोत्यावर बसून ते एकेक खाच कोरत गेले. तेवढ्यात मुलीची आई धावत आली.

"अवो बाई, इवायाले कामाले लावलं काहून? लोक काय म्हणतीन!"

"मी कायले लावू? तेच बसले."

दगड बसवले आणि लाईट गेली. लोडशेडिंग. मुलीने समजावलं तसे ते खळखळून हसले. त्यांच्याकडे वारा पडला की असंच बसून राहावं लागतं. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, गावात लग्न असलं की पवनचक्कीची पाती एका बाजूला किंचित तिरकी उभी करतात, कुणी गेलं की दुसऱ्या बाजूला. लांबूनच गावाला कळतं.

चार वाजता लाईट आली. पीठ गार आणि मऊ पडू लागलं.

नवरा गेल्यावर चक्की मीच चालवत होते. लोक दळण ठेवत, दळण नेत. कामाविषयी कुणी कधी बोललं नव्हतं. त्या आठवड्यात एकमेकांची भाषा न येणारे आम्ही दोघं त्याविषयीच बोललो.

मुलगी आता दर शनिवारी सासऱ्यासोबत पवनचक्कीवर जाते. परवा फोनवर सांगत होती, "काकू, आज पूर्ण पोतं मी एकटीनं दळलं."

मी शेजारी जाऊन तिच्या आईलाही सांगून आले.