प्रमोदच्या टीममधला ओपनर

माझा मित्र प्रमोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्टँडवर चहा पीत उभा होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच वर्षावहिनी म्हणाल्या... हार्ट अटॅक. मी समोरची बस धरली. अमरावती दोन-अडीच तासांवर, पण चार वर्षांत मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. आणि आता चढलो, तर बोलायला तो नव्हता.

भांडण माझ्यामुळे झालं, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटर क्लास काढणार होतो. बोर्ड रंगवून झाला होता, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी सांगितलं की अकोल्यात नोकरी लागली, उद्याच निघतो. प्रमोद फार बोलला नाही. "जाय मंग. पण आजपासून टीममधून तुयं नाव कट," म्हणाला.

टीम म्हणजे क्रिकेटच्या एका जुन्या कॉम्प्युटर गेममधली. त्यात खेळाडूंची नावं बदलता येत. प्रमोदनं नामवंत अकरा जणांना घरी बसवून आमच्या मैदानावरची पोरं भरली होती. मी ओपनर. प्रत्यक्षात मला कोणी आठव्या नंबरच्या वर पाठवत नसे, त्यामुळे त्या जागेचा मला भलताच अभिमान होता. नाव कट झालं हे मला नोकरीच्या ठिकाणीसुद्धा टोचायचं. हसू येईल, पण टोचायचं.

तेरवी झाल्यावर महिनाभरानं वहिनींचा पुन्हा फोन आला. जुना कॉम्प्युटर बंद पडला होता, नव्या लॅपटॉपवर तो गेम चालत नव्हता. "मले त्यातली इंग्रजी काही समजत नाही," त्या म्हणाल्या, "पण रोज संध्याकाळी तो कॉमेंट्रीवाला बोलत राहे. आता घर लय चूप झालं. लावून द्या ना."

रविवारी सीडी ड्राइव्ह पिशवीत घालून गेलो. वहिनींनी देवघरातून सीड्या आणल्या. यांच्या घरी झेंडूची शेती, त्यामुळे दसरा मोठा. प्रमोद दर दसऱ्याला गेम आणि टीम नव्या सीडीवर उतरवायचा आणि ती सीडी विळ्या-खुरप्यांसोबत पूजेत मांडायचा. देवासमोर चांगली बाजू असावी म्हणून चकाकती, म्हणजे नेमकी वाचली जाणारी बाजू वर, आणि तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक! एकट्यानं क्लास चालवून कॉम्प्युटर शिकवणारा माणूस हा. गेल्या दसऱ्याची सीडी मी ओल्या मऊ फडक्यानं हळूहळू पुसली. तिसऱ्या खेपेला ती वाचली गेली.

मग सेटअप उघडेना. जुन्या विंडोजचा मोड लावला, तर नुसता काळा पडदा. तो गेला तर गेम इतका वेगात पळायला लागला की बोलर मागे कुत्रं लागल्यासारखा धावत सुटला. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. प्रमोद गेल्यापासून पहिल्यांदा, असं त्याच म्हणाल्या. शेवटी एका छोट्या प्रोग्रामनं वेग आवरला, आणि कॉमेंट्रीवाला ताळ्यावर येऊन बोलू लागला. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

टीमची यादी उघडायची मात्र मला भीती वाटत होती. ही फाइल भांडणानंतरची. आता कोणाची माफी मागणार होतो मी? तरी उघडली.

पहिलंच नाव माझं होतं.

जीव भांड्यात पडला. मग शेजारचा आकडा दिसला. माझी बॅटिंग पूर्वी शंभरात नव्वद होती, ती त्यानं एकवर आणून ठेवली होती. राग असा काढला होता, पण मला काही काढलं नव्हतं.

"त्या टीममधला सुधीर म्हणजे तुमीच ना?" वहिनी म्हणाल्या. "रोज तुमालेच पयले पाठवत. तुमी आउट झाले की वरडत, 'अबे सुध्या, थोडा तं उभा राय!' मी म्हणो, काहून पाठवता मंग? तं म्हणत, ओपनर तोच हाये."

मी रडलो. चार वर्षांचं ओझं उतरलं आणि फार हलकं वाटलं, हेही खरं. डोळे पुसून विचारलं, "वहिनी, तो आकडा वाढवू का?"

"राहू द्या. त्याइनं ठेवला तसाच."

मग मी खेळायला बसलो. दुसऱ्याच बॉलवर माझा त्रिफळा उडाला. चहा ठेवायला गेलेल्या वहिनी आतूनच म्हणाल्या, "झाले ना आउट? लावा पुन्हा."