सुनेवरचा दाब

मरोळच्या कारखान्यात लालबुंद तापलेलं पोलाद वायूच्या झोताने थंड करायचं, हे गुणाजीचं काम. वायूंना नावं त्यानेच ठेवलेली. आरगॉन म्हणजे आळशी मेव्हणा. हेलियम म्हणजे जावई, झटपट गार करणार, पण त्याचे लाड परवडत नाहीत. आणि नायट्रोजन म्हणजे सून. "स्वस्तातली! दाब वाढवा, जावयाच्या तोडीचं काम करते. भागतं!"

हा विनोद तो घाटकोपरच्या घरी, टेबलफॅन स्वतःकडे वळवून, सुनेलाच ऐकवायचा. श्रुतिका नोकरी करून अंथरुणाला खिळलेल्या सासूचंही करायची. बाई ठेवूया म्हणाली, तर हा म्हणाला, "कशाला? भागतंय ना?"

परवा मालकाने गुणाजीच्या जोडीदाराला काढलं आणि दोन्ही भट्ट्या याच्याच गळ्यात मारल्या. हा कुरकुरला, तसा मालक हसला. "तूच सांगतोस ना गुणाजी, दाब वाढवला की भागतं?"

घामाने निथळत घरी येऊन गुणाजीने मालकाला शिव्यांची लाखोली वाहिली. "माणूस आहे गं मी, मशीन नाय!"

श्रुतिकाने सगळं ऐकून घेतलं. मग टेबलफॅनचं तोंड स्वतःकडे वळवलं.

"भागतंय ना, पप्पा?"