आमच्या साडूंची प्रसिद्धिपत्रके

इंदापूर आणि बारामती या दोन्ही तालुक्यांत मिळून आमच्या साडूंइतका सराईतपणे शब्द फिरवणारा माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो यांच्याकडेच शिकलेला असेल. पूर्वी ते इंदापुरात एका दैनिकाचे राजकीय बातमीदार होते. खडखडणाऱ्या मोटारसायकलवरून सभांना जायचे, पुढाऱ्यांना नको ते प्रश्न विचारायचे. त्यांतल्या ज्या तात्यांना त्यांनी सर्वांत जास्त छळले, त्या तात्यांनीच एकदा त्यांना चहाला बोलावले. चहा फारच गोड असावा. महिन्याभरात साडूंनी बारामतीत काचेची केबिन थाटली आणि दारावर पाटी लागली, 'जनसंपर्क सल्लागार'.

मग काय विचारता! मोरगावच्या सभेत तात्या व्यासपीठावर चक्क घोरले. साडूंचे पत्रक आले : 'तात्यांनी डोळे मिटून जनतेच्या व्यथा ऐकल्या.' पिंपळीत एका शेळीने तात्यांचे उपरणे अर्धे खाल्ले. फोटोखाली ओळ होती, 'पशुपालकांशी थेट संवाद'. घरीही तीच तऱ्हा. मेहुणीच्या हातून आमटी खारट झाली तर हे म्हणणार, "चव ठाम आहे." मी एकदा न राहवून विचारले, "तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो?"

"वाटते की," ते शांतपणे म्हणाले, "पण आम्ही तिला संयम म्हणतो."

आमची दोघांची सासुरवाडी नरसिंहपूरच्या अलीकडे. दोन नद्या उशाशी, आणि नळ कोरडा. उन्हाळ्यात तिथल्या बायकांनी रिकामे हंडे घेऊन तात्यांची गाडी अडवली. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा : 'मंगल कलश घेऊन महिलांकडून तात्यांचे उत्स्फूर्त स्वागत'. फोटोत सर्वांत पुढे, कमरेवर हंडा घेऊन, साक्षात आमच्या सासूबाई!

त्या रविवारी मी साडूंकडे जेवायला होतो. सासूबाई एसटीने आल्या, पाणीसुद्धा न घेता त्यांनी पेपर साडूंच्या ताटाशेजारी ठेवला.

"पाव्हणं, नातीनं वाचून दावलं मला. ह्यो हंडा भरल्याला हुता का रिकामा?"

"आई, बातमीत तसं लिहायची पद्धत असते..."

"पद्धत न्हाय इचारली. हंडा इचारला."

मेहुणी वाढता वाढता थांबली. साडूंनी पेपर जवळ ओढून फोटो पाहिला.

"रिकामा," ते म्हणाले.

हात धुऊन त्यांनी कागद घेतला आणि सासूबाईंना एकेक गोष्ट विचारू लागले. नळ कधीपासून बंद, विहीर किती लांब, कोण कोण पाण्याला जाते. तासाभरात तहसीलदारांच्या नावे टँकरसाठी अर्ज तयार झाला. मी म्हणालो, "खाली तुमचंही नाव घाला."

"माझं नाव बघितलं तर तात्या टँकर अडवतील," ते म्हणाले. मान काही वर केली नाही.

चार दिवसांत टँकर आला. पाचव्या दिवशी साडूंचे पत्रकही आले : 'तात्यांच्या संवेदनशीलतेमुळे गाव तृप्त'. मी पेपर भिरकावून दिला.

पण त्या अर्जाची एक प्रत सासूबाईंनी माझ्याकडे दिली आहे. ती मी अधूनमधून वाचतो. दीड पान, एकही विशेषण नाही. आणि वाचताना घशाला कोरड पडते. ज्याने हे लिहिले, त्या माणसाशी पोटभर बोलायची मला फार इच्छा आहे. साडू दर आठवड्याला भेटतात. तो काही भेटत नाही.