भीतीचं भाडं

चोपड्याचे अमृत आबा ताडपत्र्या भाड्याने देत. लग्न असो, मक्याचा ढीग असो, वर त्यांचीच ताडपत्री. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या चपला बघून ते ओळखत, हा घासाघीस करणार की नाही. असा माणूस फसतो कसा? तर स्वतःच्याच हुशारीने.

त्यांची एकुलती लेक सारिका जळगावला दिलेली. तिथे ती शेअर दलालाच्या हापिसात कामाला. तिच्याकडूनच आबांनी मोबाइलवर खातं उघडून घेतलं होतं. चैत्रात त्यांच्या मनाने घेतलं, की ठिबकच्या नळ्या करणाऱ्या एका कंपनीचा निकाल तोंडावर आलाय आणि तिचा शेअर वर जाणार म्हणजे जाणारच. तर तिचा कॉल घ्यायचा. कॉल म्हणजे तो शेअर ठरल्या भावाने घ्यायचा हक्क, तोही थोड्या दिवसांपुरता. हक्काचे पैसे मात्र आधी मोजायचे.

"आबा, आता नका घेऊ," सारिका फोनवर म्हणाली. "निकालाच्या धास्तीने तो महाग झालाय. इंप्लाइड व्होलॅटिलिटी फार वर गेलीय."

"ती गेली तर जाऊ दे. शेअरही जाईल तिच्यामागे," असं म्हणून आबांनी घेतलाच.

निकाल चांगला लागला. शेअर थोडा वर गेला. आबांनी जिलेबी आणायला माणूस धाडला आणि मोबाइल बघितला, तर कॉल अर्ध्या किमतीवर आलेला. चष्मा पुसून बघितला. तरी अर्धाच.

मग काय, लेकीला फोन लावून आबा नको ते बोलले. "शेअर वर अन् मना कॉल खाले! तू बी त्या दलालले मियी गई का?"

"बापाला लेक चोर वाटते, तर आखाजीला कशाला यायचं?" एवढं म्हणून सारिकाने फोन ठेवला.

आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेक माहेरी आली नाही, तर अंगणातल्या झोक्यावर काय मांजर बसवायचं? आबांच्या बायकोने, बेबाबाईने, झोक्याचा काढलेला दोर परत माळ्यावर फेकला. आबांपुढे ताट असं आदळलं की डाळ वाटीतून बाहेर आली.

"खा. तुम्हाला लेकीपेक्षा मोबाइल गोड."

त्याच आठवड्यात हवामानाचा इशारा आला. चोपड्याकडे वादळ, पाऊस. त्यात लग्नाची दाट तिथ. आबांनी भाडं दुप्पट केलं तरी दारात गर्दी. त्यांचे साडू धुळ्याला याच धंद्यात. त्यांना विचारलं तर तिकडे इशारा नाही, भाडं रोजचंच. गावातल्या एका नवरीचा बाप कौतिक, तोही पाऊस येणारच म्हणत धावत आला आणि दोन दिवसांसाठी दुप्पट भाड्याने ताडपत्र्या घेऊन गेला.

पाऊस आला. मांडवातल्या पताका ओल्या झाल्या, एवढाच. दुसऱ्या सकाळी कौतिक हजर.

"आबा, मनी पोरनं लगीन व्हयनं. आजना दिवस बाकी शे. ह्या दुसराले त्याच भावमा दी टाका अन् पैसा माले द्या."

"आता कोण घेईल रे त्या भावात?"

"काबरं? पानी तं वनं ना! मी सांगेल खरं व्हयनं!"

आबांना हसू आवरेना. "अरे येड्या, पाणी आलं म्हणून काय झालं? तेव्हा तू पाण्याचं भाडं नाही दिलं, भीतीचं दिलं. किती येईल, मांडव उडेल का, कोणाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. भीती गेली की तिचं भा..."

आबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कौतिक घाबरला. ओट्यावरचा तांब्या उचलून त्यांच्यापुढे धरला.

"सारिकानी माय, मनी पिशवी दे," आबा घरात ओरडले. "मी मुराळी जातो."

आखाजीला लेकीला आणायला जातो तो मुराळी. तो मान भावाचा. सारिकाला भाऊ नाही, म्हणून दरवर्षी ती आपली आपण यायची.

जळगावच्या हापिसात सारिकाने कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही. "बोला, काय काम आहे?"

"गिऱ्हाईक आहे मी. ती व्होलॅटिलिटी समजून घ्यायचीय."

"बसा."

"माझं भाडं ऐकलं की चोपडं किती भ्यालंय ते कळतं. धुळं भ्यालं नव्हतं, तिथे भाडं जसंच्या तसं. तुझा व्होलॅटिलिटीचा आकडा तसाच ना? हक्काच्या भावावरून उलटं ओळखायचं, ह्या एका कंपनीचं लोकांनी किती मनावर घेतलंय ते."

आता तिने वर बघितलं. "हो. शेअर चढेल की पडेल ते तो सांगत नाही. केवढा हलेल असं लोकांना वाटतंय, तेवढंच सांगतो. निकाल लागला, धाकधूक संपली, आकडा उतरला आणि त्याबरोबर कॉलचा भावही. तुमचा शेअर चढला तो थोडा, त्याने ते भरून निघालं नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं!" ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला.

आबा उठून उभे राहिले. "ऐका हो बठ्ठा! ही मनी लेक. ही खरं बोलली अन् मी हिला नाही ते बोललो. गाढव मी."

"आबा, हळू! बसा खाली." सारिकाला हसूही येत होतं आणि नाकही ओढावं लागत होतं. "रजा मी घेऊनच ठेवलीय. न्यायला कोण येतं, तेवढं बघत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत खिडकीची जागा तिने घेतली, आणि आबांचा मोबाइल आपल्या पर्समध्ये टाकला. आखाजी होईपर्यंत तो तिथेच राहिला.