उलटा डोंगा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. देवावर होता, तोही त्या बेटावर उडाला. तरी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते... हसायचं त्याने खुशाल हसावं.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. गोंदियात चौथी शिकलेली मी, लग्न होऊन तिरोड्याकडे वैनगंगेतल्या एका बेटावर आले. सात घरं, एक मोहाचं झाड, बाकी सगळं धान. नदी चढली की जगाशी संबंध एका डोंग्याचा — झाडाचं खोड कोरून केलेली होडी. आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली की तोही बंद! डोंगा वर ओढायचा, मोहाला बांधून उलटा घालायचा, त्यावर रोपांची पहिली जुडी ठेवायची. रोवणी आटपण्याआधी सुलटा केला तर धान सडतं म्हणे.

त्या वर्षी ऐन रोवणीत माझ्या सोनीला ताप चढला. तीन वर्षांची पोर. वैद्य पलीकडच्या काठावर, त्याचं घर आमच्या बांधावरून दिसायचं.

"मामाजी, डोंगा काढा जी," मी सासऱ्यांच्या पाया पडले.

"काऊन घाबरून राहिली? लेकरायले ताप येतच रायते. एका पोरीपायी साऱ्यायचं धान सडवू का?"

नवरा चिखलात मान खाली घालून उभा. बापापुढे त्याची शेळी व्हायची. सोनी गेली. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा रोवायला उतरले, मीसुद्धा. धान मात्र उत्तम पिकलं!

पुढच्या रोवणीत, भर दुपारी, सासरे बांधावर कोसळले. तोंड वाकडं, हात लुळा. आता नियम कुणालाच आठवला नाही. "डोंगा काढा!" म्हणत सगळे मोहाकडे धावले... तिथे डोंगा नव्हता.

दोर होता. झाडाला मारलेली गाठ तशीच, डोंग्याच्या टोकाला घातलेला फासही तसाच — रिकामा. चिखलात ओढल्याची खूण नाही. सकाळी त्याच डोंग्याखाली सारलेली आमची शिदोरी जागच्या जागी. आणि डोंगा पलीकडे, वैद्याच्या घराखालच्या काठाला, सुलटा, पाण्यात हलत होता. वल्हं तर आमच्या घरातच होतं. दिवसभर आम्ही मोहासमोरच रोवत होतो, कुणीच काही पाहिलं नाही.

वैद्याला मारलेल्या हाका पुराच्या आवाजात विरल्या, आणि त्या धारेत पोहून जायला कुणी धजावलं नाही. सासरे संध्याकाळपर्यंत त्या डोंग्याकडे बघत होते. मग गेले.

लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अहो, मला पोहता येत नाही! येत असतं तर आदल्या वर्षीच गेले नसते का, पोरीला पाठीशी बांधून?

कुणी नेला, कसा नेला, आजवर कळलेलं नाही. ते मला छळतही नाही. एकच छळतं — नेणाऱ्याला एक वर्ष उशीर झाला.