तीन पावलं मागं

निजामाचं राज्य होतं तेव्हा सोनपेठच्या वाटेवर, आमच्या गावाबाहेर एक तरुण गोरा पाद्री राहायचा. पहिल्याच दिवशी मी त्याला विहिरीवर बजावलं, "घागर खाली ठेवा अन् तीन पावलं मागं व्हा, साहेब. इटाळ व्हतो." तो मुकाट मागं झाला. मी वरून पाणी ओतलं. पुढं रोज तेच. उन्हानं त्याची मान सोललेली असायची. "लय ऊन, माय," एवढंच म्हणायचा, तेही धापा टाकत. धर्माचं बोलणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

एकदा चैत्रात बाजारातून येताना मी वाटेतच चक्कर येऊन पडले. डोळे उघडले तर तो समोर, हातात भरलेला तांब्या. "पाणी," मी म्हणाले. तो वाकला, थबकला, आणि तांब्या घेऊन तीन पावलं मागं सरकला. मग शेतांकडं तोंड करून जीव खाऊन ओरडायला लागला, "माय पडली हाय! पाणी पाजायला तुमच्यातलं कुणीतरी या!"

कुणी येईपर्यंत मी त्या तांब्याकडं बघत पडून होते. मी त्याच्या हातचं प्यायले असते. पण तसं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.