फिरत्या दवाखान्याचे मिस्त्री

“आधी सोपं बघू,” असं म्हणत ते गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवत. तापलेल्या पोराच्या कपाळावर मी ठेवायची, अगदी तसा. डॉक्टर मी होते, पण हात त्यांचा जास्त डॉक्टरी वाटायचा.

परवा डोंगरात तुमच्या कॅरॅव्हानची, त्या चाकांवरच्या घराची, बॅटरी बसली म्हणून तुम्ही फोनवर हिरमुसला होतात, तेव्हा मला हे मिस्त्री आठवले. मूळचे मुखेडचे, दुकान लातुरात.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर पाट्या नव्या, पण आमच्या वाट्याला आलेली फिरत्या दवाखान्याची गाडी चांगलीच जुनी. ती इतकी बिघडायची की दौऱ्यावर निघताना औषधांच्या आधी आम्ही मिस्त्रींना आत बसवायचो. गाडीत दोन बॅटऱ्या. एक इंजिनाची, दुसरी लसींच्या लहान फ्रीजची. माझा जीव दुसरीत.

मी पहिल्यापासून शिस्तीची. इंग्रजी पुस्तिका वाचून मी बिघाडांची सतरा कलमी यादी केली होती. मिस्त्री ती आदराने घेत, घडी करून खिशात ठेवत आणि आपला बल्ब काढत. बल्बला दोन वायरी, बस्स. बॅटरीपासून एकेका जोडावर टेकवत जायचे. पेटला की “वीज हितवर हाय.” नाही पेटला की “म्होरं न्हाई.” त्यांची सगळी विद्या एवढ्यात बसायची.

साल दुष्काळाचं. खंडेनवमी होऊन दोन दिवस झाले होते. अहमदपूरकडे एका रस्त्याच्या कामावर लस द्यायला गेलो. खडी फोडणाऱ्या बाया पोरं मांडीवर घेऊन रांगेत बसल्या होत्या, अर्ध्या दिवसाचं काम सोडून. आणि फ्रीज गप्प. बर्फ आणायचा कुठून, प्यायचं पाणीच टँकरचं. तासाभरात फ्रीज सुरू झाला नसता तर लस फेकून द्यावी लागली असती आणि बायांना तशाच माघारी पाठवावं लागलं असतं.

मी ड्रायव्हरमामांवर घसरले. निष्काळजीपणा, लेखी खुलासा, सगळं सुनावलं. मामा मान खाली घालून उभे. मग यादीतलं अकरावं कलम वाचून मी जाहीर केलं की फ्रीजच बिघडलाय.

“आसंल, बाई. पर आधी सोपं बघू.”

मिस्त्री फ्रीजकडे गेलेच नाहीत, त्याच्या बॅटरीपाशी बसले. टर्मिनलवर बल्ब लख्ख पेटला. टर्मिनलवर आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर मात्र बल्बातली तार नुसती लालसर झाली. त्यांनी क्लॅम्प सोडवला. आत तेलात कालवलेल्या हळदकुंकवाचा वाळका थर.

“ही पूजा कुणी केली?”

मामा फडक्याने बॅटरीच्या पेटीवरची धूळ पुसू लागले.

“मी,” मी म्हणाले.

खंडेनवमीला मामांना क्लॅम्प काढायला लावून, वीज निघते त्या नेमक्या जागी मीच लेप दिला होता. दोन्ही टर्मिनलांना सारखा, शिस्तीत. ओरडा खातानाही मामांना हे माहीत होतं.

मिस्त्री हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मुकाट्याने खरवडलं, पुसलं, क्लॅम्प आवळला. फ्रीज गुरगुरला. थर्मामीटर बघितलं, लस वाचली होती. रांगेतली एक बाई म्हणाली, “एका सुईला इतका येळ?” पहिलं पोर किंचाळलं तेव्हा मिस्त्री कुठे दिसेनात. ठिणग्यांशी खेळणारा हा माणूस कानांवर हात ठेवून गाडीमागे उभा होता.

मी मामांची माफी मागितली आणि लॉगबुकात लिहिलं, ‘टर्मिनल अस्वच्छ.’ मिस्त्रींनी ते माझ्याकडून वाचवून घेतलं.

“देवाचं हाय ते, बाई. अस्वच्छ कसं? ‘जरा जास्त झालं’ आसं लिवा.”

मी खोडून तसं लिहिलं.

पुढे दर खंडेनवमीला ते हजर. माझ्या हातातलं ताट घ्यायचे आणि बॅटरीच्या पेटीला कडेने एकच ठिपका लावायचे. म्हणायचे, “बास. तिला इतकंच सोसतंय.”

एका वर्षी ते आले नाहीत. मुखेडहून निरोप आला, आदल्या आठवड्यात गेले. मी ताट घेऊन उभी, मामा बॅटरीचं झाकण उघडून उभे. तिला बोट लावायचं दोघांच्याही मनात येईना. शेवटी मामांनी झाकण लावलं. मी मागे गेले आणि कुंकवाचं बोट दाराला टेकवलं, बाया पोरं घेऊन चढायच्या त्या दाराला.